गाडीचे मीटर बंद पडले? दोष आधी शोधा, सामान नंतर बदला

शेतीमाल बाजारात नेणे, खते व बियाणे आणणे, दूध संकलन केंद्रावर पोचविणे अशा कामांसाठी आज अनेक शेतकऱ्यांच्या दारात जीप, पिकअप किंवा मोटार उभी असते. इंजिन, ब्रेक आणि टायर यांची काळजी बहुतेक जण घेतात. परंतु समोरच्या मीटरचा काटा बंद पडला, तर "गाडी तर चालते ना!" असे म्हणून ते दुखणे तसेच अंगावर काढले जाते. कधी याउलट होते. मिस्त्री सांगतो म्हणून पूर्ण मीटर बदलले जाते, आणि दोष मात्र साध्या केबलीत निघतो.

या दोन्ही गोष्टींत शेतकऱ्याचे नुकसान आहे. समजा, एखादी पिकअप आठवड्यातून तीन वेळा बाजारात जाते आणि एका खेपेचे जाऊन-येऊन अंतर १२० किलोमीटर आहे. मीटर तीन महिने बंद राहिले, तर सुमारे ४,७०० किलोमीटर धाव कोठेच नोंदली जात नाही. इंजिनतेल बदलण्याची वेळ निघून जाते. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तेथे बेल्ट बदलण्याची वेळ चुकली आणि तो तुटला, तर इंजिन उघडण्याची पाळी येऊ शकते. डिझेलचा ॲव्हरेज कळत नाही, त्यामुळे इंजिन जास्त तेल खाऊ लागले तरी लक्षात येत नाही.

वेगाचा प्रश्न तर जिवाशी निगडित आहे. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काटा ताशी ५० किलोमीटर दाखवत असेल आणि गाडी प्रत्यक्षात ६० ने धावत असेल, तर ते अंतर जवळजवळ दीडपट होते. भरलेली गाडी, रात्रीची वेळ आणि समोर दिवा नसलेली बैलगाडी असेल, तर हा फरक किती महाग पडेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मीटरमधील बिघाड घरच्या घरी कसा ओळखावा, कोणता भाग स्वतः दुरुस्त करता येईल आणि कोठे जाणकाराकडेच जावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

मीटर काम कसे करते?

दोष शोधण्यापूर्वी मीटरची रचना थोडक्यात समजून घ्यावी. केबलीवर चालणारे मीटर जुन्या जीप, पिकअप व मोटारींत आजही आहे. याचे मूळ तत्त्व जर्मनीतील ऑटो शुल्झे यांनी शोधले आणि १९०२ साली त्याचे पेटंट घेतले.

मागची चाके चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागील बाजूस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडे फिरणारी गती जेथून बाहेर पडते तेथे, एक लहान मळसूत्री गिअर असतो. पुढची चाके चालणाऱ्या मोटारीत हा गिअर डिफरन्शियलजवळ असतो. या गिअरला एक लवचीक केबल जोडलेली असते. केबलीचे दोन भाग असतात. बाहेरची नळी स्थिर राहते आणि तिच्या आत पोलादाची पिळलेली तार फिरते. या तारेची दोन्ही टोके बहुधा चौकोनी असतात.

तारेचे वरचे टोक मीटरमधील लोहचुंबक फिरविते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. वाटी आणि चुंबक एकमेकांना चिकटलेले नसतात. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, आणि वाटीला जोडलेला काटा तितका पुढे सरकतो. गाडी थांबली की स्प्रिंग काट्याला शून्यावर आणते.

किलोमीटर मोजणारी आकड्यांची चक्रे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ती त्याच तारेवरून, बारीक दातेरी चक्रांनी थेट फिरतात. म्हणजे एका केबलीवर दोन स्वतंत्र कामे चालतात. वेगाचा काटा हे एक आणि अंतराचे आकडे हे दुसरे. दोष शोधण्याची सगळी किल्ली या एका गोष्टीत आहे.

काटा आणि आकडे : दोन साक्षीदार

मीटर बिघडले असे वाटताच काहीही उघडू नये. प्रथम गाडी चालवून काटा आणि आकडे यांकडे एकत्र पाहावे. शेजारी बसलेल्या माणसाला आकडे पाहायला सांगावे, चालकाने रस्त्यावरची नजर काढू नये. त्यावरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते.

१. काटा बंद आणि आकडेही बंद : दोष बहुधा मीटरच्या बाहेर आहे. केबल तुटली आहे, निसटली आहे किंवा खालच्या गिअरचे दाते गेले आहेत. मीटर विकत घेण्याची घाई करू नये.

२. काटा बंद, पण आकडे चालू : केबल आणि गिअर ठीक आहेत. दोष मीटरच्या आत, काटा, वाटी किंवा स्प्रिंग यांत आहे.

३. काटा चालू, पण आकडे बंद : केबल ठीक आहे. मीटरमधील आकड्यांची दातेरी चक्रे झिजली किंवा तुटली आहेत.

४. काटा थरथरतो, उड्या मारतो : आतली तार कोरडी पडली आहे, तिला मुरड पडली आहे किंवा बाहेरची नळी कोठे तरी दाबली गेली आहे. सोबत करकर आवाज येत असेल, तर केबलीवरचा संशय पक्का समजावा. केबल ठीक निघाली, तर मीटरचे बुश तपासावे लागते.

५. गाडी थांबल्यावर काटा शून्यावर येत नाही : वाटीत तेल किंवा ग्रीस शिरले आहे, अथवा स्प्रिंग बिघडली आहे.

६. दोन्ही चालतात, पण चूक दाखवतात : टायर, गिअर किंवा मीटर यांपैकी काय चुकते आहे, हे मोजूनच ठरवावे. त्याची रीत पुढे दिली आहे.

तपासणीचा क्रम

काटा व आकडे दोन्ही बंद असतील, तर पुढील क्रमाने तपासणी करावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे व किल्ली काढून घ्यावी. मीटरच्या मागे विजेच्या तारा असतात, म्हणून बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

पहिली पायरी : मीटरच्या मागचा केबलीचा नट हाताने घट्ट आहे का ते पाहावे. खराब रस्त्याच्या धक्क्यांनी तो सैल होतो आणि तारेचे टोक मीटरमधून निसटते. एवढेच असेल, तर नट हाताने आवळून काम भागते. पक्कड लावून जोर करू नये, कारण आटे जातात.

दुसरी पायरी : नट पूर्ण सोडून केबल मीटरपासून अलग करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोन माणसांनी साधारण १० मीटर सावकाश ढकलावी. एकाने चालकाच्या जागी बसून पाय ब्रेकजवळ ठेवावा आणि दुसऱ्याने केबलीच्या टोकाकडे पाहावे. तार साधारण पाच-सहा फेरे घेते. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. उतारावर ही तपासणी मुळीच करू नये.

तार फिरत असेल, तर केबल व गिअर ठीक असून दोष मीटरमध्ये आहे. फिरत नसेल, तर पुढे जावे.

तिसरी पायरी : आतली तार वरच्या टोकाने हळूच ओढून पाहावी. तुकडाच हातात आला, तर तार तुटलेली आहे. काही गाड्यांत तार वरून निघत नाही, तेथे खालचा नट सोडावा लागतो. तार अखंड निघाली, तर तिची चौकोनी टोके पाहावीत. कोपरे झिजून टोक गोल झाले असेल, तर ते खाचेत नुसते घसरत राहते.

चौथी पायरी : तार चांगली असूनही फिरत नसेल, तर गिअरबॉक्सकडील लहान गिअर काढून पाहावा. अनेक गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो व त्याचे दाते झिजतात किंवा तुटतात. हा भाग काढताना गिअरबॉक्सचे थोडे तेल सांडू शकते, म्हणून खाली भांडे ठेवावे व नंतर तेलाची पातळी तपासावी. गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

पाचवी पायरी : मीटर मोकळे फिरते का, हे शेवटी पाहावे. तुटलेल्या तारेचा चौकोनी टोक शाबूत असलेला तुकडा घ्यावा, मीटरच्या मागील छिद्रात घालावा आणि बोटांच्या चिमटीत झपाट्याने फिरवावा. काटा किंचित उठला पाहिजे. एका दिशेने उठला नाही, तर दुसऱ्या दिशेने फिरवून पाहावे. फिरविताना अडकल्यासारखे वाटले, तर मीटर आत जाम आहे.

ही पाचवी पायरी अनेक जण गाळतात आणि तेथेच फसतात. मीटर जाम असल्यामुळे तार तुटलेली असते. नवी तार घातली की तीही काही दिवसांत पिळून तुटते, मग "सामान नकली निघाले" म्हणून दुकानदाराशी भांडण होते. तार का तुटली याचे कारण सापडल्याशिवाय नवी तार घालू नये.

केबलीची निगा

केबल वेळेवर स्वच्छ केली, तर ती अनेक वर्षे टिकते. तार बाहेर काढून जुने घट्ट झालेले ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे व कोरडे पुसावे. मग तारेला मुरड आहे का हे पाहावे. त्यासाठी दोन्ही टोके दोन हातांत धरून तार खाली लोंबती ठेवावी व एक टोक सावकाश फिरवावे. दुसरे टोक तितकेच संथ फिरले, तर तार सरळ आहे. ते थांबून एकदम झटका घेत असेल, तर तार बदलावी. अशा तारेमुळेच काटा उड्या मारतो.

तारेला हलके ग्रीस बोटाने पातळ चोळावे. मीटरकडील साधारण १५ ते २० सेंटिमीटर भागाला मात्र ग्रीस जवळजवळ लावूच नये. फिरणाऱ्या तारेबरोबर ग्रीस वर चढते, मीटरमध्ये शिरते आणि वाटीला चिकटते. "भरपूर ग्रीस, भरपूर आयुष्य" हा नियम बैलगाडीच्या आसाला चालेल, मीटरच्या केबलीला चालत नाही.

केबल बसविताना ती कोठेही एकदम वाकवू नये. वळण १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नसावे. सायलेन्सरच्या नळीजवळून केबल नेऊ नये. नवी तार जुनीच्या लांबीइतकीच असावी. लांब झाली, तर ती मीटरला आतून दाबते व मीटरचे बुश खाते. आखूड झाली, तर टोक खाचेतून निसटते.

केबलीतून काळे, वंगणासारखे पातळ तेल वर येत असेल, तर ते ग्रीस नसून गिअरबॉक्सचे तेल असते. खालचे सील गेल्याची ती खूण आहे. सील आधी बदलावे, नाहीतर मीटरही जाईल आणि गिअरबॉक्समधील तेलही कमी होईल.

मीटर चालते, पण खरे सांगते का?

बंद पडलेले मीटर निदान दिसते तरी. चुकीचे दाखविणारे मीटर जास्त घातक असते, कारण आपण त्यावर विश्वास ठेवून गाडी चालवितो. त्याची परीक्षा रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांवर सहज घेता येते.

रहदारी कमी असलेला सरळ रस्ता निवडावा. चालकाने काटा ताशी ४० किलोमीटरवर स्थिर ठेवावा. सोबत्याने एका दगडापासून पाचव्या दगडापर्यंतचे, म्हणजे पाच किलोमीटरचे, सेकंद मोजावेत. एखादा दगड थोडा मागेपुढे बसविलेला असू शकतो, म्हणून एकाच किलोमीटरवर भरवसा ठेवू नये. १८,००० या संख्येला मोजलेल्या सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो.

पाच किलोमीटरला ४५० सेकंद लागले, तर खरा वेग ४० आहे व मीटर बरोबर आहे. ५०० सेकंद लागले, तर खरा वेग ३६ आहे, म्हणजे मीटर थोडे जास्त दाखवते. ४०० सेकंद लागले, तर खरा वेग ४५ आहे आणि मीटर कमी दाखवते.

यातील दुसरा प्रकार फारसा काळजीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील नियम ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, जास्त दाखविण्यास मात्र मर्यादित सूट आहे. ती सूट खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. त्यामुळे अनेक कारखाने मीटर मुद्दामच थोडे जास्त दाखविणारे करतात. तिसरा प्रकार, म्हणजे कमी दाखविणारे मीटर, ताबडतोब दुरुस्त करून घ्यावे.

मोबाइलवरील जीपीएसनेही ही परीक्षा करता येते. मोबाइल सोबत्याच्या हातात असावा, आकाश मोकळे असावे आणि वेग स्थिर असावा. वेग वाढविताना किंवा कमी करताना जीपीएसचा आकडा थोडा मागे राहतो, म्हणून त्या वेळचा आकडा धरू नये.

आता त्याच रस्त्यावर दहा दगडांचे अंतर किलोमीटरच्या आकड्यांशी ताडून पाहावे. येथे पुन्हा दोन साक्षीदार उपयोगी पडतात. आकडे बरोबर दहा किलोमीटर दाखवतात, पण काटा चुकतो, तर दोष मीटरच्या आतील चुंबक किंवा स्प्रिंगमध्ये आहे. चुंबक क्षीण झाला की काटा कमी दाखवितो, स्प्रिंग सैल पडली की जास्त दाखवितो. आकडे आणि काटा दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर निर्दोष असून दोष टायर किंवा गिअरमध्ये आहे.

टायर बदलला की मीटर बदलते

अनेक जण जास्त माल बसावा किंवा गाडी चिखलातून निघावी म्हणून मोठे टायर घालतात. मीटर चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. त्यामुळे टायर मोठा झाला की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि मीटर कमी दाखवू लागते.

हा फरक घरीच मोजता येतो. टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा पूर्ण करावा आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. समजा, जुन्या टायरचा फेरा २.२० मीटर व नव्याचा २.४२ मीटर भरला. फेरा १० टक्क्यांनी वाढला. आता काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावत असेल. शिवाय मीटरवर १०,००० किलोमीटर दिसतील तेव्हा इंजिन व गाडी ११,००० किलोमीटर चाललेली असेल. घासलेल्या टायरने याच्या उलट होते, परंतु तो फरक दोन-तीन टक्क्यांचाच असतो.

जुन्या बाजारातून दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल बसविल्यासही मीटर चुकू लागते. अशा वेळी मीटरच्या लहान गिअरचे दाते त्या जोडीशी जुळतात का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

इलेक्ट्रॉनिक मीटर असल्यास

अलीकडच्या गाड्यांत केबल नसते. गिअरबॉक्सवर किंवा चाकांजवळ सेन्सर असतो. तो फेऱ्यांप्रमाणे विजेचे ठोके पाठवितो व ते मोजून मीटर वेग दाखविते. तेथेही विचाराची रीत तीच ठेवावी, म्हणजे चाकाकडून मीटरकडे यावे.

प्रथम फ्यूज पाहावा. मग सेन्सरचा कनेक्टर उघडून त्यात चिखल, पाणी किंवा हिरवट गंज आहे का ते पाहावे. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी राहत असेल, तर तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत का, हे अवश्य पाहावे. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला असेल, तर तो पुसून काढावा.

वेगाचा काटा बंद असतानाच एबीएसचा दिवाही पेटला असेल, तर चाकाजवळच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत दोष असण्याचा संभव आहे. अशा वेळी ब्रेकच्या यंत्रणेचाही संबंध येतो, म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. सर्व काटे व दिवे एकदम बंद पडले, तर दोष वेगाच्या सेन्सरमध्ये नसून मीटरला मिळणाऱ्या विजेत आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इशाऱ्याचा आवाज देणारी यंत्रणा सक्तीची आहे. वेगाचा संदेश बिघडला, तर त्या इशाऱ्यावरही विसंबून राहता येत नाही.

या गाड्यांत संगणकात नोंदलेला दोषाचा क्रमांक स्कॅनरवर वाचता येतो. मिस्त्रीने तो वाचून दाखविल्याशिवाय पूर्ण मीटर बदलण्यास संमती देऊ नये. दिव्याची तार लावून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग येथे करू नये, त्याने संगणक जळू शकतो.

ट्रॅक्टरचे मीटर वेगळे असते

पुष्कळ ट्रॅक्टरांचे मीटर चाकावर चालत नाही, इंजिनावर चालते. त्यावर इंजिनाचे मिनिटाचे फेरे, पीटीओच्या ५४० फेऱ्यांची खूण आणि कामाचे तास दिसतात. काहींवर प्रत्येक गिअरमधील वेगाचे पट्टे असतात. ते इंजिनाच्या फेऱ्यांवरून काढलेले असतात, म्हणून नांगरटीत चाक घसरले की प्रत्यक्ष वेग त्याहून कमी असतो.

केबलीवरील तास-मीटर घड्याळ नसून फेरे मोजणारे यंत्र आहे. ते इंजिनाच्या ठरावीक गतीला एक तास धरते. समजा, ते मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर बसविलेले आहे. ट्रॅक्टर १,००० फेऱ्यांवर तीन तास चालला, तर मीटरवर दोनच तास पडतील. हा बिघाड नाही. भाड्याने ट्रॅक्टर देता-घेताना तासांवरून जो वाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. म्हणून भाडे मीटरच्या तासावर की घड्याळाच्या तासावर, हे आधीच ठरवावे.

फवारणी यंत्र चालविताना मीटर बंद असेल, तर अंदाजाने काम करू नये. शेतात ५० मीटर अंतर मोजून, पंप भरलेला असताना, ठरलेल्या गिअरमध्ये ते कापण्यास किती सेकंद लागतात हे मोजावे. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. ४५ सेकंद लागले, तर वेग ताशी ४ किलोमीटर. नोझलमधून पडणारे द्रावण तेच असताना वेग निम्मा झाला, तर एकरी औषध दुप्पट पडते, हे लक्षात ठेवावे.

मोटारसायकलची तपासणी

ज्या मोटारसायकलीत केबल पुढच्या चाकावरून निघते, तेथे काम सोपे आहे. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, मीटरकडील केबल सोडावी आणि चाक हाताने फिरवावे. तार फिरली, तर दोष मीटरमध्ये. फिरली नाही, तर केबल किंवा चाकाच्या हबमधील गिअर पाहावा. पुढच्या चाकाचे पंक्चर काढल्यानंतर मीटर बंद पडले असेल, तर हबमधील खाच नीट बसली नाही असे समजावे.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे?

सामान मिळेपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात नोंद तुटू देऊ नये. गाडीत एक लहान वही ठेवावी व मीटर बंद पडल्याची तारीख आणि शेवटचा आकडा लिहावा. नेहमीच्या ठिकाणांची अंतरे आपणास माहीत असतातच, तेव्हा प्रत्येक खेपेचे किलोमीटर त्यात मांडावेत. ट्रॅक्टरसाठी सुरू व बंद करण्याची वेळ लिहावी. तेल बदलण्याचा हिशेब या वहीवरून ठेवावा. रात्री गाडी चालविणे शक्यतो टाळावे.

मीटर बदलावेच लागले, तर जुन्या मीटरचा आकडा, बदलल्याची तारीख व बिल जपून ठेवावे. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. आपण स्वतः जुनी गाडी घेत असू, तर उलट बाजूने पाहावे. मीटरवर किलोमीटर कमी असून ब्रेक व क्लचच्या पेडलचे रबर पूर्ण घासलेले आहे, स्टिअरिंग गुळगुळीत झाले आहे, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसची जुनी बिले मागावीत व त्यांवरील किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत का ते पाहावे.

मीटरच्या आतील वाटी व स्प्रिंग फार नाजूक असतात. काच उघडून त्यात तेल सोडणे किंवा काटा बोटाने ढकलणे हे प्रयोग करू नयेत. ते काम मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे. परंतु नट आवळणे, तार काढून पाहणे, धुणे, ग्रीस लावणे आणि दगडांवर वेग ताडून पाहणे एवढे प्रत्येक शेतकऱ्यास करता येईल. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी काटा व आकडे काय सांगतात हे पाहून ठेवावे. दोष कोठे आहे हे आपणास माहीत असले, म्हणजे ज्या भागाची गरज आहे त्याच भागाचे पैसे द्यावे लागतात.